अंगणातलं तळं: मोटार, फिल्टर आणि खाद्य यांच्याशिवाय

तळं खणणं सोपं आहे. दोन माणसं लावली तर दोन-तीन दिवसांत खड्डा, प्लास्टिकचा कागद आणि पाणी एवढं उरकतं. अवघड असतं ते नंतरचं, म्हणजे पाणी हिरवं झालं की हात आवरणं. घरची तळी पहिल्या वर्षात बिघडतात ती बहुतेक वेळा अतीमुळे. मासे फार, खत फार, खाद्य फार आणि सगळं एकाच रविवारी. इथे सांगितलेल्या पद्धतीत आपण तळ्यात फार थोडं घालतो, ते ठरलेल्या क्रमाने घालतो आणि बाकीचं ज्याचं त्याला येऊ देतो.

खालचे आकडे एका विशिष्ट तळ्याचे आहेत: 10 फूट लांब, 8 फूट रुंद, मधोमध अडीच फूट खोल. काठ पायऱ्यांचे आणि उताराचे असल्यामुळे यात साधारण अडीच हजार लिटर पाणी मावतं. जागेप्रमाणे लांबी-रुंदी बदला, पण मधली खोली दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नका. उथळ पाणी एप्रिल-मेमध्ये तळापर्यंत तापतं आणि प्राण्यांना खाली सरकायला थंड जागाच राहत नाही.

आधी हिशेब: कोण कोणाला खातं

पाण्यातल्या वनस्पती आणि डोळ्यांना न दिसणारं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतात. त्यावर जलपिसवा (पिसवेएवढे पाण्यातले बारीक जीव), गोगलगायी आणि बेडूकमासे जगतात. त्यांना चतुरांच्या अळ्या, पाणविंचू आणि छोटे मासे खातात. त्याच्याही वर दिवड हा पाणसाप, आणि वंचक व खंड्या हे पक्षी. प्रत्येक पायरीवर मिळालेल्या ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढच्या पायरीपर्यंत पोचतो. बाकीची हालचालीत, श्वसनात आणि विष्ठेत खर्च होते. पायरी-पायरीने ऊर्जा मोजण्याची ही रीत रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका छोट्या दलदलीच्या तळ्यावर काम करून 1942 साली मांडली. अंगणातल्या तळ्यासाठी तिचा अर्थ सरळ आहे: खाणारा जितका वरचा, तितकी त्याची संख्या कमी. 80 चौरस फुटांच्या तळ्यात पन्नास मासे बाहेरच्या खाद्याशिवाय जगत नाहीत, आणि बाहेरचं खाद्य घातलं की त्याचं खत पाण्यात उतरतं.

दुसरी गोष्ट लपायच्या जागांची. रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांनी 1934 मध्ये काचेच्या नळ्यांत पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम असे दोन एकपेशीय जीव एकत्र वाढवले. नळीत आडोसा नव्हता तेव्हा शिकाऱ्याने सगळं भक्ष्य संपवलं आणि मग तोही उपाशी मेला. तळाशी गाळ ठेवला तेव्हा काही पॅरामेशियम त्यात दडून वाचले. शिकारी मात्र मेला. बाहेरून दोघांचीही थोडी-थोडी भर घालत राहिल्यावरच दोघं चढउतार होत एकत्र टिकले. म्हणून आपल्या तळ्यालाही आडोसे हवेत आणि बाहेरून येण्या-जाण्याची वाट हवी. चकचकीत टाइल लावलेल्या, उभ्या भिंतींच्या हौदात या दोन्ही गोष्टी नसतात. तो फिल्टर लावून चालवता येतो, पण ते वेगळं काम आहे.

जागा आणि खड्डा

दिवसाला चार ते सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. सकाळचं ऊन आणि दुपारी तीननंतर सावली हे आपल्याकडे सगळ्यात चांगलं. आंबा, वड, बदाम, रेनट्री यांच्या थेट खाली तळं नको. पानगळ पाण्यात कुजते आणि वडासारख्यांची मुळं कागद उचलतात. अंगणातलं पावसाचं वाहतं पाणी जिथून जातं तिथेही नको, कारण त्यातून गाळ, साबण आणि बागेतलं खत येतं.

काम एप्रिल-मेमध्ये करा, म्हणजे मृगाच्या पावसावर तळं भरता येतं. खड्ड्याच्या तीन बाजूंना पायऱ्या ठेवा: पहिली 8 ते 10 इंच खोलीवर, फूटभर रुंद, दुसरी 18 इंचांवर, आणि मग मधला खोल भाग. चौथ्या, आखूड बाजूला पायरी नको, उतार हवा. तीन फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, इतका सावकाश. हा उतार शोभेचा समजून गाळू नका. बेडकांची पिल्लं बाहेर पडतात ती इथूनच, पक्षी पाणी प्यायला उतरतात ते इथेच, आणि पाण्यात पडलेली खार किंवा सरडा याच बाजूने वर येतो.

काठाची पातळी गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या अंगणात दहा फुटांत दोन इंचांचा फरक सहज निघतो. मग एका बाजूने पाणी सांडतं आणि दुसऱ्या बाजूला कागद उघडा पडून उन्हाने खराब होतो.

काळी माती असेल तर खड्डा सहा इंच जास्त खणा, तेवढा मुरूम भरा आणि धुमसाने चोपा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट कागद टाकला तर दोन-तीन ऋतूंत तो घड्यांवर ताणला जातो. कोकणात जांभ्याच्या कडा टोकदार असतात, तिथे दोन इंच बारीक वाळू आणि तिच्यावर जुनी गोणपाटं किंवा सतरंज्या अंथरा. वाळूचा आणि गोणपाटाचा थर इतर ठिकाणीही टाकाच. उंदरांच्या बिळांपासून आणि राहून गेलेल्या खड्यांपासून तेवढंच संरक्षण.

अस्तरासाठी शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद घ्या. माप काढायची रीत: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन फूट. आपल्या तळ्यासाठी 10 + 5 + 2 म्हणजे 17 फूट, आणि 8 + 5 + 2 म्हणजे 15 फूट. हा कागद ताठ असतो. तासभर उन्हात पसरून ठेवला की नरम पडतो आणि पायऱ्यांवर नीट बसतो. कडा लगेच पुरू नका. अर्धं तळं भरेपर्यंत सैल ठेवा, पाण्याच्या वजनाने कागद आपली जागा घेतो. मग भोवती सहा इंचांचा चर खणून कड त्यात दाबा. मात्र पाण्याला भिडलेली माती काठाबाहेरच्या मातीला जोडलेली राहू देऊ नका. ती वातीसारखं पाणी ओढून बाहेर नेते आणि तळं गळतंय असा भास होतो. पाण्याच्या पातळीच्या वर किमान दोन इंच कागद उभा राहायला हवा. तो दगडांनी झाका.

सांडवा विसरू नका. एका कोपऱ्यात काठापेक्षा चार इंच खाली तोंड, त्याला बारीक जाळी, आणि पुढचं पाणी अळूच्या किंवा केळीच्या आळ्यात. गटारात किंवा ओढ्यात सोडू नका. तळ्यातला मासा किंवा वनस्पती पावसाळ्यात तिथून निसटली तर परत गोळा करता येत नाही.

सिमेंटचा हौद आधीच बांधलेला असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरून सामू (पीएच) 10 च्या वर जाऊ शकतो. भरा, आठवडाभर ठेवा, रिकामा करा. असं तीनदा करा आणि सामू 8.5 च्या आत आल्याशिवाय काही लावू नका.

घरात लहान मुलं असतील तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर लोखंडी जाळी बसवा, मुलाचं वजन पेलेल अशी, चार इंच चौकोनांची. बेडूक आणि वनस्पती तिच्यातून ये-जा करतात. किंवा भोवती कुंपण आणि कडी. फूटभर पाणीही लहान मुलाला पुरेसं धोकादायक असतं.

माती आणि पाणी

तळाला दोन इंच धुतलेली जाड वाळू पुरे. शेणखत, गांडूळखत, युरिया, कोकोपीट यांपैकी काहीही घालू नका. बागेतली सवय इथे उलटी पडते. कुंडीत खत कमी पडलं तर रोप पिवळं होतं. तळ्यात खत जास्त झालं तर ते सगळ्यात आधी शेवाळाच्या पोटात जातं, कारण शेवाळाची वाढ दिवसांत होते आणि झाडांची आठवड्यांत.

पाणी पावसाचं सर्वोत्तम. पत्र्यावरचं किंवा गच्चीवरचं घेत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं वाहून जाऊ द्या, त्यात उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. नळाचं पाणी भरलं तर दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. ऊस किंवा भाजीपाल्याच्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट बरंच असू शकतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने एकदा तपासा.

उन्हाळ्यात पाणी किती उडतं याचा अंदाज आधीच करून ठेवा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला जवळपास एक सेंटिमीटर पातळी उतरते, विदर्भ-मराठवाड्यात वारा असेल तर त्याहून जास्त. आपल्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 75 लिटर, पाच बादल्या. रोज पाच बादल्या नळाचं पाणी ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, आधी पिंपात साठवून ठेवलेलं पाणी घाला.

वनस्पती: तीन थर, तीन कामं

पाण्याखालच्या वनस्पती सगळ्यात आधी लावा, भरल्यानंतर तीन-चार दिवसांनी. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट या नावाने मिळणारी सिरॅटोफायलम, तिन्ही आपल्याकडच्या. पाच-सहा काड्यांची एक जुडी, देठाला खडा बांधून, दर दोन चौरस फुटांना एक. आपल्या तळ्याला 35 ते 40 जुड्या लागतात. संख्या जास्त वाटेल, पण इथे काटकसर केली तर पुढचे सहा महिने हिरवं पाणी बघत बसावं लागतं. या जुड्या पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाआधी उचलतात, आणि अळ्यांना, बेडूकमाशांना दडायला जंगल देतात. दुकानात कॅबोम्बा पुढे करतील. ती अमेरिकेची आहे, नको.

दुसरा थर तरंगत्या पानांचा. एका वॉटर लिलीचा पसारा चार ते सहा फूट होतो, म्हणून दोन पुरतात. 12 ते 14 इंच तोंडाचं पसरट टोपलं, दोन भाग शेतातली चिकण माती, एक भाग वाळू, वर बोटाच्या पेराएवढा खडीचा थर. आधी पहिल्या पायरीवर ठेवा, चार-पाच नवी पानं आली की दुसऱ्या पायरीवर उतरवा. पानांनी पृष्ठभागाचा निम्मा ते साठ टक्के भाग झाकावा. त्याहून कमी झाकला तर पाणी तापतं आणि शेवाळ फोफावतं; दोन तृतीयांशाच्या पुढे गेलं तर खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही आणि त्या कुजायला लागतात. कमळ एवढ्या तळ्यात लावायचं असेल तर भोक नसलेल्या टबातच. मोकळं सोडलं तर त्याचे कंद एका पावसाळ्यात तळ व्यापतात.

काठावर वेखंड, ब्राह्मी, अळू आणि नाळीची भाजी. नाळी वेगाने पसरते, पण खुडून खाता येते, म्हणजे खुडलेल्या प्रत्येक जुडीबरोबर पाण्यातला नायट्रोजनही ताटात जातो. पाण्याबाहेर नायट्रोजन काढण्याचा इतका चविष्ट मार्ग दुसरा नाही. पाणकणीस मात्र टाळा, त्याचे टोकदार कोंब कागद भोसकतात.

जलपर्णी, साल्व्हिनिया आणि पिस्टिया ही नावं लक्षात ठेवून नाकारा, कितीही सुंदर दिसली आणि फुकट मिळाली तरी. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपल्या नद्यांचं आणि तलावांचं तिने काय केलं आहे ते पावसाळ्याआधी कुठल्याही शहराच्या पुलावरून दिसतं. आणि उलट बाजूने, कास पठारावरच्या डबक्यांतला वायतुरा किंवा दुसरी कुठलीही रानातली पाणवनस्पती उपटून आणू नका. त्यातल्या काही फक्त त्या परिसरातच आहेत आणि अंगणात जगतही नाहीत.

प्राणी: आधी कोण, नंतर कोण

पहिले चार ते सहा आठवडे एकही प्राणी सोडू नका. या काळात डोळ्यांना न दिसणारं काम चाललेलं असतं. कुजण्यातून आणि विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं एका गटातले जीवाणू नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी आहेत, नायट्रेट तुलनेने सौम्य आणि झाडांच्या उपयोगाचं. जीवाणूंची ही वस्ती वाळूवर, दगडांवर आणि देठांवर जमायला वेळ लागतो. मासे आधी सोडले की आठ-दहा दिवसांनी एकामागून एक मरतात आणि दोष पाण्याला किंवा दुकानदाराला जातो.

शिवारातल्या एखाद्या जुन्या, स्वच्छ तळ्यातली ओंजळभर गाळमाती आणून टाकली तर जीवाणू आणि जलपिसवा लवकर येतात. फक्त आधी पांढऱ्या थाळीत पसरून बघा. जळू, जलपर्णीचा अंकुर किंवा माशांची पिल्लं दिसली तर ती माती परत न्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी मटाराच्या सूपासारखं हिरवं होईल. व्हायलाच हवं. काही करू नका. पाणी बदललं तर शेवाळाला ताजं खाद्य मिळतं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. याच हिरव्या पाण्यात जलपिसवा वाढतात, त्या शेवाळ गाळून खातात. पाण्याखालच्या जुड्यांना नवे शेंडे फुटले की पाणी बघता बघता निवळतं.

याच काळात डासांकडे मात्र लक्ष हवं. उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्यांना खाणारे अजून आलेले नसतात. दर तीन दिवसांनी पांढऱ्या वाडग्याने काठाच्या दहा ठिकाणचं पाणी उचलून बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जीवाणूची पावडर किंवा द्रावण, पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि दर सात ते दहा दिवसांनी पुन्हा. ते डासांच्या अळ्या मारतं. बेडूक, मासे, चतुर यांना धक्का लावत नाही. रॉकेल, फिनेल, जळकं तेल यांचा विचारही नको. जुलै-ऑगस्टपर्यंत चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) अंडी घालतात, उलटे पोहणारे पाणकिडे आणि निवळ्या उडत येऊन पोचतात, आणि मग वाडग्यात अळी सापडणं दुर्मीळ होतं. पावसाबरोबर थव्याने येणारे पिवळसर चतुर पँटाला जातीचे असतात. त्यांच्या अळ्या सहा-आठ आठवड्यांत वाढून उडून जातात. चतुराची अळी देठावर चढून कात टाकते, म्हणून पाण्याबाहेर डोकावणारी वेखंडाची पाती कापून टाकू नका.

सहाव्या आठवड्यानंतर आठ-दहा छोट्या गोगलगायी सोडा. त्या सडकी पानं आणि दगडांवरचं शेवाळ खातात. मोठ्या, लिंबाएवढ्या गोगलगायी नकोत, त्या लिलीची कोवळी पानं चघळतात. बहुतेक वेळा वनस्पतींबरोबर अंडी आलेलीच असतात आणि गोगलगायी विकत घ्याव्याही लागत नाहीत.

बेडूक आणायचे नाहीत, ते येतात. दुसरीकडून आणलेल्या बेडकाबरोबर रोग येऊ शकतो, आणि बेडूक बहुधा आपल्या जागेकडे परत निघतो तो रस्त्यावर चिरडला जातो. तुम्ही फक्त उताराजवळ दगडांचा ढीग, पालापाचोळा आणि दोन-तीन फुटकी मडकी आडवी ठेवा. पाण्यात लांब काळ्या मण्यांची दोरी दिसली तर ती भेकाची अंडी. पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर तो वृक्षबेडकाचा. फेस बघून साबण समजून पुसून टाकण्याचे प्रकार होतात.

आता मासे. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी मासे नकोतच. मासे बेडकाची अंडी खातात, जलपिसवा खातात, चतुरांच्या कोवळ्या अळ्या खातात. चतुर आणि बेडूक हवे असतील तर माशांशिवायचं तळं अधिक चैतन्याचं राहतं. तरी हवेच असतील तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असताना, दोन इंचांपर्यंत वाढणारे 12 ते 15 स्थानिक मासे सोडा. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले ॲप्लोकायलस जातीचे मासे पृष्ठभागावर राहतात आणि डासांच्या अळ्या टिपतात. गप्पी आणि गॅम्बुसिया डासांसाठी सर्रास सुचवले जातात. गॅम्बुसिया 1928 पासून भारतात सोडला जातोय. दोन्ही परदेशी आहेत, आणि जिथे चतुर आहेत तिथे त्यांची गरजही नसते. गोल्डफिश, कोई आणि चिलापी तर नकोतच. गोल्डफिश आणि कोई तळ उकरून झाडं उपटतात, चिलापी भराभर पिल्लं देते, आणि तिघांचीही विष्ठा एवढ्या पाण्याला झेपत नाही. रोहू-कटला हे शेततळ्याचे मासे, अंगणाचे नव्हेत.

खाद्य घालायचं नाही. कुरमुरे, पाव, चपातीचा तुकडा, निर्माल्य, काहीही नाही. पाहुण्यांना हे पटवणं हा या सगळ्यातला खरा कठीण भाग आहे.

बिघडतं तेव्हा

पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असतील तर प्राणवायू संपला आहे. झाडं आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री सगळे मिळून तो वापरतात, म्हणून सर्वांत कमी पातळी सूर्योदयाच्या आधी. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. म्हणून हे मे महिन्यात होतं, आणि ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस सलग ढग राहिल्यावरही होतं, कारण तेव्हा दिवसाची कमाईच नसते. तातडीचा उपाय: साठवलेलं पाणी दोन-तीन फूट उंचीवरून झारीने ओता, आणि पाव हिस्सा पाणी बदला. नंतर कारण शोधा. बहुतेक वेळा कुजणारी पानं, मेलेलं शेवाळ किंवा जास्त झालेले मासे यांपैकी एक सापडतं. हिरव्या पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारलं तर नेमकी हीच परिस्थिती ओढवते. सगळं शेवाळ एकाच वेळी मरतं, कुजताना प्राणवायू खातं, वर तांबं गोगलगायींना आणि माशांना मारतं.

तारांसारखं शेवाळ माजलं तर काठीला गुंडाळून काढा, जेवताना शेवया गुंडाळाव्यात तसं. पण वाडगाभर राहू द्या. काढलेला गोळा रात्रभर काठावर ठेवा, म्हणजे त्यात अडकलेल्या अळ्या आणि गोगलगायी परत पाण्यात जातात. सकाळी खताच्या खड्ड्यात. दोन आठवड्यांत पुन्हा तेवढंच आलं तर बाहेरून खत येतंय असं समजा. कुंड्यांना घातलेलं द्रवखत वाहून येतं का, गच्चीवरचं पाणी उतरतं का, बघा.

पाणी पिवळट-तपकिरी पण पारदर्शक असेल तर ते पानांमधलं टॅनिन. काही बिघडलेलं नाही. दुधाळ आणि वास मारणारं असेल तर काहीतरी मोठं मेलेलं आहे, शोधून काढा, बहुधा उंदीर.

पातळी भराभर उतरते तेव्हा गळती की बाष्पीभवन हे ठरवायला बादली पहिल्या पायरीवर ठेवा आणि तळ्याच्या पातळीइतकं पाणी तिच्यात भरा. आत आणि बाहेर खूण करा, 24 तासांनी बघा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन. तळ्यात जास्त उतरलं तर कागद, किंवा वर सांगितलेली काठाची माती. गळती असेल तर पाणी उतरू द्या. ते जिथे थांबेल त्याच रेषेवर भोक सापडतं.

दिवड दिसला म्हणून तळं बुजवणारे असतात. तो बिनविषारी आहे, डिवचला तर चावतो, आणि बेडूक-मासे जेवढे असतील तेवढेच दिवस राहतो. मात्र साप ओळखता येत नसेल तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. वंचक रोज येऊन बेडूक टिपू लागला तर दोष त्याचा नाही, आडोसा कमी पडतोय. काठच्या वनस्पती दाट करा.

वर्षभराची कामं

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढ मंदावते. तेव्हा पाण्याखालच्या वनस्पतींचा एक तृतीयांश भाग काढून टाका. झाडांनी पावसाळाभर गोळा केलेलं खत पाण्याबाहेर काढायची हीच वेळ. न काढता हिवाळ्यात कुजू दिलं तर सगळं परत पाण्यात. निम्म्याहून जास्त एकदम काढू नका, शेवाळ लगेच मोकळी जागा घेतं. लिलीची पिवळी पानं देठासकट दर पंधरा दिवसांनी. हिवाळ्यात पानगळीच्या आठवड्यांपुरती जाळी ताणा. रात्री तळ्यावर दिवे लावायची हौस असेल तर ती दिवाळीपुरती ठेवा, कारण कीटक दिव्याभोवती फिरत राहतात आणि अंडी घालायची राहून जातात.

गाळ तीन-चार वर्षांनी एकदा, एप्रिल-मेमध्ये पातळी उतरलेली असताना काढा, आणि तोही अर्ध्याच तळाचा. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी. तळ ब्लिचिंग पावडरने घासून लख्ख केला तर जीवाणूंची वस्ती, अळ्या, अंडी सगळं जातं आणि पुन्हा हिरव्या पाण्यापासून सुरुवात. काढलेला गाळ आंब्याच्या किंवा केळीच्या आळ्यात घाला, उत्तम खत आहे.

अंगण नसेल तर

गच्चीवर किंवा बाल्कनीत 100 ते 150 लिटरचा टब चालतो. पाणी भरल्यावर त्याचं वजन दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून तो तुळईजवळ किंवा भिंतीलगत ठेवा, बाल्कनीच्या मोकळ्या टोकाला नको. एक बुटकी लिली, हायड्रिलाच्या सहा-सात जुड्या, वेखंडाची एक कुंडी विटेवर उंचावून, आणि बाहेर यायला एक तिरकी फळी. एवढ्या थोड्या पाण्यात तापमान दिवसभरात बरंच वर-खाली होतं, म्हणून टबाला पश्चिमेकडून गोणपाट गुंडाळा. इथे बेडूक यायचे नाहीत आणि शिकारी किडे पोचायला उशीर होतो, तेव्हा डासांसाठी बीटीआय किंवा तीन-चार ॲप्लोकायलस, दोहोंपैकी एक लागेलच. मासे ठेवलेत तर सहा आठवड्यांची वाट इथेही बघा, आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी पाण्यात हात घालून बघा. पाणी अंघोळीच्या कोमट पाण्याइतकं लागलं तर टब सावलीत सरकवायची वेळ झाली. तो भरलेला सरकणार नाही, म्हणून चाकांच्या पाटावर ठेवण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो.